दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया: भोक बुजवायचं आणि पडदाही हलता करायचा

मराठीत ‘टाळू’ या एका शब्दाच्या दोन जागा आहेत. एक बाळाच्या डोक्यावरची, जिच्यावर आजी तेल घालते ती. दुसरी तोंडातली, जिभेच्या वरचं छप्पर. इंदूरच्या रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या मराठी घरात ‘बाळाची टाळू फाटलेली आहे’ एवढंच सांगितलं, तर मोठ्या माणसांचा हात आधी बाळाच्या डोक्याकडे जाऊ शकतो. म्हणून सांगताना तोंड उघडून, बॅटरीच्या उजेडात दाखवूनच सांगावं. इथे जे काही लिहिलं आहे ते या तोंडातल्या टाळूबद्दल आहे. ज्या आईबाबांना निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी आहे, तसंच ऑपरेशन थिएटरमध्ये पहिल्यांदाच अशा केसला उभ्या राहणाऱ्या ज्युनिअर डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासाठीही.

ग्रहणाचा विषय निघतोच, तेव्हा तो आधी संपवू. गर्भात टाळूचे दोन भाग दोन्ही बाजूंनी वाढत येतात आणि साधारण ८ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान मधोमध जुळतात. ते जुळणं राहून गेलं की टाळू दुभंगलेली राहते. यामागे आनुवंशिकता असते, फिटवरची काही औषधं असतात, धूम्रपान असतं, आणि पुष्कळदा नेमकं एक कारण हाती लागतच नाही. ग्रहणाच्या वेळी आईनं विळी हातात घेतली होती की नाही, याचा इथे काडीमात्र संबंध नाही. त्या बाईला दोष देणं आधी थांबवा, कारण पुढचं वर्षभर सगळी मेहनत तिलाच करायची आहे.

काय बिघडलेलं असतं

टाळूचा पुढचा भाग हाडाचा, मागचा मऊ, आणि मऊ भागाच्या टोकाला पडजीभ. मऊ भाग नुसतं कातडं नसतो, तो स्नायूंचा पडदा असतो. आपण ‘प’, ‘ट’, ‘क’, ‘स’ म्हणतो तेव्हा हा पडदा वर आणि मागे जाऊन नाकाचा रस्ता बंद करतो. हे काम मुख्यतः लेव्हेटर नावाचा स्नायू करतो. उजव्या-डाव्या बाजूचे दोन लेव्हेटर मध्यभागी एकमेकांत गुंतून झोळीसारखे आडवे असतात. दुभंगलेल्या टाळूत ते मध्यभागी भेटतच नाहीत. ते मागून पुढे उभे धावतात आणि कडक टाळूच्या मागच्या काठाला चिकटतात.

सगळ्या शस्त्रक्रियेचं मर्म या एका गोष्टीत आहे. नुसती दोन्हीकडची कातडी ओढून शिवली तर भोक बंद होतं, नाकातून दूध येणं थांबतं, घरचे समाधानानं घरी जातात. पण स्नायू जागच्या जागी उभेच राहिले तर पडदा हलत नाही, आणि तीन-चार वर्षांनी मूल गेंगाणं बोलू लागतं. वरून शिवण सुंदर दिसत असते, म्हणून चूक कुठे झाली ते कोणाच्या लक्षात येत नाही.

एक प्रकार वरून दिसतही नाही. कातडं अखंड, पण आतले स्नायू दुभंगलेले. याच्या तीन खुणा आहेत: पडजिभेला दोन टोकं, मऊ टाळूच्या मध्यरेषेवर निळसर पातळ पट्टा, आणि कडक टाळूच्या मागच्या काठाला बोटानं लागणारी खाच. बाळ दूध पिताना नाकातून आणत असेल आणि टाळू ‘चांगली’ दिसत असेल, तर हातमोजा घालून करंगळीनं ती खाच चाचपून पाहावी.

शस्त्रक्रियेआधीचे महिने

टाळू उघडी असली की बाळाला ओढ घेता येत नाही. ते चोखतं, थकतं, झोपतं, आणि पोटात फार थोडं जातं. आईला वाटतं दूध कमी येतंय. उपाय घरातच आहे: बोंडलं. चांदीचं असो की स्टीलचं, त्याच्या चोचीतून काढलेलं दूध गालाच्या बाजूनं थोडं थोडं सोडायचं. दाबून दूध सोडता येईल अशी मऊ बाटलीही चालते. बाळाला निदान ४५ अंशांत, जवळजवळ बसतं धरायचं. आडवं धरून पाजलं की दूध नाकात आणि कानाच्या नळीत शिरतं. हवा जास्त गिळली जाते, म्हणून दर काही मिनिटांनी खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा. एक पाजणं अर्ध्या तासापेक्षा लांबलं तर बाळ मिळवलेली ताकद तिथेच खर्च करतं. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करावं. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ हवी.

हनुवटी फार आत गेलेली, जीभ मागे पडलेली, झोपेत श्वास अडकतो, असं असेल तर बाळाला उताणं झोपवू नये आणि लगेच मोठ्या रुग्णालयात दाखवावं. अशा बाळांची भूल आणि टाळूची शस्त्रक्रिया हा वेगळाच, जास्त जोखमीचा हिशोब असतो.

इंदूर आणि आसपासच्या धार, देवास, खरगोनच्या कुटुंबांसाठी सरकारी वाट अशी: २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ आणि टाळू यांचा समावेश आहे. आशा कार्यकर्तीला किंवा अंगणवाडीत सांगितलं की नाव जिल्ह्याच्या हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे बाळांची व्यंगं लवकर तपासून उपचारांची सोय करणाऱ्या सरकारी केंद्राकडे, जातं. एम. वाय. हॉस्पिटल महात्मा गांधी मेडिकल कॉलेजशी जोडलेलं आहे, तिथून पुढची दिशा विचारता येते. बाळाचा जन्मदाखला आणि आयुष्मान कार्ड आधीच करून ठेवा. तारीख मिळाल्यावर कागदांसाठी धावपळ झाली की तीच तारीख हातची जाते.

कधी करायची

बऱ्याच केंद्रांत ९ ते १२ महिन्यांचं वय, ८ किलोच्या आसपास वजन आणि हिमोग्लोबिन निदान १० ग्रॅम, हा हिशोब धरतात. १८ महिन्यांपुढे ढकलू नये, कारण तोवर मूल शब्द जुळवू लागतं आणि फाटक्या टाळूनं बोलण्याच्या चुकीच्या सवयी पक्क्या होतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ६ महिन्यांना आणि १२ महिन्यांना केलेल्या शस्त्रक्रियांची तुलना झाली. पाचव्या वर्षी पडदा अपुरा पडण्याचं प्रमाण ६ महिन्यांच्या गटात ८.९ टक्के, तर १२ महिन्यांच्या गटात १५ टक्के निघालं. पण ती मुलं इतर व्यंग नसलेली होती आणि तान्ह्या बाळांच्या भुलेत मुरलेल्या केंद्रांतली होती. साडेपाच किलोच्या अशक्त बाळाला केवळ हा आकडा वाचून टेबलावर घेणं चूक ठरेल. आधी वजन, मग तारीख.

सर्दी, खोकला, ताप, छातीत घरघर असेल तर सांगून टाका, लपवू नका. श्वासनलिका चिडलेली असताना भूल दिली तर ती आवळते. अशा वेळी शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलणंच बरोबर. हृदयाचा आवाज ऐकून शंका आली तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा, कारण टाळूबरोबर हृदयाचं व्यंग असलेली बाळं थोडी नसतात. आदल्या दिवशी कानही तपासावेत. टाळूचे स्नायूच कानाची नळी उघडतात, म्हणून या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे घट्ट पाणी साठतं. गरज असेल तर त्याच भुलेत ग्रोमेट, म्हणजे ते पाणी निघून जावं म्हणून कानाच्या पडद्यात घालायची बारीक नळी, बसवता येतं.

भूल आणि मांडणी

उपाशी ठेवण्याचे तास: आईचं दूध ४ तास, वरचं दूध ६ तास, आणि साधं पाणी १ ते २ तास, भुलेचे डॉक्टर सांगतील तसं. याहून जास्त उपाशी ठेवून काही मिळत नाही, बाळ कोरडं पडतं एवढंच.

श्वासासाठी घशात घालायची नळी खालच्या ओठावरून हनुवटीकडे वळणारी घेतात आणि अगदी मध्यरेषेत चिकटवतात. खांद्याखाली गुंडाळी देऊन मान मागे करतात, सर्जन डोक्याशी बसतो. मान मागे केली की नळी वर सरकते, पुढे केली की आत जाते. शिवाय डिंगमन गॅग, म्हणजे तोंड उघडं धरणारी चौकट, उघडताना जिभेची पट्टी नळीला दाबू शकते. म्हणून गॅग लावल्यावर छातीच्या दोन्ही बाजूंचा आवाज पुन्हा ऐकायचाच. रक्त खाली उतरू नये म्हणून घशात ठेवलेल्या गॉजच्या पॅकची नोंद फळ्यावर मोठ्या अक्षरांत. विसरलेला पॅक म्हणजे थेट जिवाशी गाठ.

गॅगच्या पट्टीखाली जिभेचा रक्तपुरवठा दबतो. तासाभरानं दोन-तीन मिनिटं गॅग सैल करावा. न केल्यास सगळं उत्तम शिवून झाल्यावर जीभ सुजते आणि श्वासाची वाट अडते.

आता रक्ताचा हिशोब. ८ किलोच्या बाळात किलोमागे साधारण ८० मिली, म्हणजे सुमारे ६४० मिली रक्त असतं. त्यातलं १० टक्के म्हणजे ६४ मिली, चार मोठे चमचे. मोठ्या माणसाच्या शस्त्रक्रियेत जे क्षुल्लक वाटतं ते इथे नसतं. म्हणून गॉज वजन करून मोजतात: एक ग्रॅम जास्त म्हणजे एक मिली रक्त. १० मिलिग्रॅम प्रति किलो ट्रानेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) शिरेतून देण्याची पद्धत आता रूढ आहे. लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात रक्तवाहिन्या आवळणारं ॲड्रिनलिन २ लाखात १ या प्रमाणात घालून टाळूत टोचतात. लिग्नोकेनची कमाल मात्रा ॲड्रिनलिनसह ७ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे ८ किलोला ५६ मिलिग्रॅम, अर्थात १ टक्क्याचं औषध ५.६ मिलीच्या पुढे नाही. टोचल्यावर घड्याळ लावून निदान सात मिनिटं थांबायचं. घाई करून लगेच चीर दिली तर औषध टोचून काय उपयोग? रक्त यायचं तेवढं येतंच.

प्रत्यक्ष शिवण, पायरी पायरीनं

सर्वांत जास्त वापरात असलेली दोन फ्लॅपची पद्धत आधी पाहू. फ्लॅप म्हणजे रक्तपुरवठा कायम ठेवून हाडावरून उचललेला कातड्याचा पदर. १९६७ पासून ती बारडाख यांच्या नावानं ओळखली जाते. मुळात १८६१ साली लांगेनबेक यांनी हाडावरच्या आवरणासकट दोन्ही बाजूंचं कातडं मोकळं करून मध्यभागी आणलं. त्यांच्या पद्धतीत फ्लॅप पुढूनही जोडलेला राहतो. बारडाखच्या पद्धतीत पुढचं टोक सोडवतात, त्यामुळे रुंद फट बंद करताना फ्लॅप मोकळेपणानं हलतो.

पहिली चीर फटीच्या काठानं, पण नेमकी काठावर नसते. ती तोंडाच्या बाजूला एक-दोन मिलिमीटर सरकवून घेतात, म्हणजे नाकाकडच्या पदराला शिवायला पुरेसं कातडं उरतं. दुसरी चीर हिरडीच्या आतल्या बाजूनं, दाढांच्या मागच्या उंचवट्याला वळसा घालून. पुढे दातांच्या कळ्या असतात, तिथे पातं खोल रुतवायचं नाही. मग एलिव्हेटर नावाच्या चपट्या हत्यारानं हाडाला घासत, हाड पांढरं दिसत राहील अशा पातळीवर फ्लॅप उचलायचा. पातळी सुटली की फ्लॅप पातळ होतो आणि फाटतो.

मागच्या कोपऱ्यात मोठी पॅलेटाइन धमनी हाडातल्या छिद्रातून बाहेर येते. हीच फ्लॅपचा प्राण. तिला ओढायचं नाही. तिच्या मागची आणि बाजूची घट्ट ऊती हळूहळू मोकळी करत जायचं, की धमनी आपसूक लांबते आणि फ्लॅप मध्याकडे येतो. फ्लॅप येत नाही म्हणून चिमट्यानं खेचणं हा नवशिक्याचा नेहमीचा दोष. ताण धमनीवर येतो, टोक काळं पडतं, आणि आठवड्यानं तिथेच भोक.

यानंतर नाकाकडचा पदर कडक टाळूच्या मागच्या काठावरून आणि त्या हाडाच्या वरच्या बाजूवरून सोडवायचा. पुढच्या भागात नाकाच्या मधल्या पडद्यावरून, म्हणजे व्होमरवरून, एक पदर उलटून घेतला तर नाकाकडची बाजू ताणाशिवाय बंद होते.

मग स्नायू. सगळी शस्त्रक्रिया इथे ठरते, म्हणून इथे लूप (चष्म्यावरचं भिंग) किंवा मायक्रोस्कोप लावावा. लेव्हेटर आधी कडक टाळूच्या काठावरून कापून सोडवायचा, मग नाकाकडच्या पदरापासून आणि तोंडाकडच्या कातड्यापासून वेगळा करायचा. टेन्सर या टाळूच्या दुसऱ्या स्नायूचा कंडरा हॅम्युलसच्या, म्हणजे तो ज्याला वळसा घालतो त्या हाडाच्या आकड्याच्या, आतल्या बाजूला तोडल्याशिवाय लेव्हेटर मोकळा होत नाही. पुरेसा सुटला की तो बोटाच्या गाठीसारखा गोल दिसतो आणि आडवा फिरतो. दोन्हीकडचे स्नायू मऊ टाळूच्या मागच्या अर्ध्यात आणून दोन-तीन मॅट्रेस टाक्यांनी बांधायचे. पुढेच बांधले तर झोळी चुकीच्या जागी येते आणि पडदा मागच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. क्रिएन्स यांनी १९६९ साली या दुरुस्तीची मांडणी केली. पुढे सॉमरलॅड यांनी मायक्रोस्कोपखाली ती फार बारकाईनं नेली आणि २००३ साली प्रसिद्ध केली. हाडाचा हा आकडा मोडण्याची जुनी चाल आता बहुतेकांनी सोडली आहे.

आतून बाहेर या क्रमानं तीन पदर शिवतात. नाकाकडचा पदर ५-० व्हिक्रिलनं (आपोआप विरघळणारा धागा), गाठी नाकाच्या बाजूला. मग स्नायू. मग तोंडाकडचा पदर ४-० व्हिक्रिलनं, उभ्या मॅट्रेसनं, म्हणजे कडा वर उलटलेल्या राहतात. मधले दोन-तीन टाके नाकाकडच्या पदरालाही उचलून घेतात, नाहीतर दोन पदरांत रक्त साठतं. बाजूला उघडं राहिलेलं हाड ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजनं (रक्त थांबवणारी, विरघळणारी जाळी) झाकतात. ते दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरतं. पण उघड्या हाडावर व्रण होतो आणि तोच पुढे वरच्या जबड्याची वाढ आखडतो. म्हणून बाजूच्या चिरा जितक्या टाळता येतील तितक्या टाळाव्यात. अरुंद फटीत त्या न घेताही काम होतं. वार्डिल आणि किल्नर यांची १९३७ची मागे ढकलण्याची पद्धत टाळू लांब करते खरी, पण पुढे बरंच हाड उघडं ठेवते. आता तिचा वापर कमी झाला आहे तो यामुळेच.

फरलो यांची पद्धत वेगळ्या विचाराची आहे. त्यांनी ती १९८६ साली प्रसिद्ध केली. मऊ टाळूत तोंडाकडे एक झेड आणि नाकाकडे त्याची उलटी आरशातली झेड काढतात. प्रत्येक थरात मागच्या बाजूला जोडलेल्या त्रिकोणात स्नायू असतो, पुढे जोडलेल्या त्रिकोणात नुसतं कातडं. त्रिकोणांची अदलाबदल केली की स्नायू आपोआप आडवे होऊन एकमेकांवर येतात आणि टाळूची लांबी वाढते. अरुंद फट आणि झाकलेली दुभंग यांसाठी ही पद्धत उत्तम. फार रुंद फटीत त्रिकोण ताणले जातात आणि मऊ-कडक टाळूच्या जोडावर ताण येतो. तिथे गालातली चरबीची गादी किंवा गालाच्या आतला स्नायूसकट पदर आणून भर घालावी.

संपताना पॅक काढायचा, मोजायचा, पोटातलं रक्त शोषून घ्यायचं. नळी बाळ नीट जागं झाल्यावरच काढायची. श्वासाची शंका असेल तर जिभेतून एक रेशमाचा टाका घेऊन गालाला चिकटवतात. जीभ मागे पडली तर तो धागा ओढून वाट मोकळी करता येते.

पहिला दिवस आणि पुढचे तीन आठवडे

बाळ कुशीवर ठेवावं. पहिल्या रात्री आईनं एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची: बाळ झोपेत सारखं सारखं गिळतंय का? तोंडातून रक्त दिसत नसलं तरी वारंवार गिळणं म्हणजे घशात रक्त उतरतंय. कॉफीच्या रंगाची उलटी झाली तर सिस्टरला तत्काळ हाक मारा. पाचव्या ते दहाव्या दिवसात पुन्हा रक्त आलं तर ते बहुधा जंतुसंसर्गाचं असतं. घरी थांबू नये.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल १५ मिलिग्रॅम प्रति किलो, सहा तासांनी. ८ किलोला १२० मिलिग्रॅम. बाजारात ५ मिलीत १२० आणि ५ मिलीत २५० अशी दोन्ही सिरपं मिळतात, बाटली सारखीच दिसते. लेबल वाचल्याशिवाय चमचा भरू नका.

दोन ते तीन आठवडे पातळ आहार: दूध, गाळलेलं मुगाचं वरण, भाताची पेज, नाचणीचं सत्त्व, पातळ ताक. कोमट, गरम नको. वाटीनं किंवा बोंडल्यानं ओठावर ओतायचं, चमचा आत घालायचा नाही. प्रत्येक वेळी वरून दोन-तीन चमचे उकळून गार केलेलं पाणी पाजायचं, म्हणजे टाक्यांवर दुधाचा थर बसत नाही. इंदूरच्या घरात सकाळी पोहे आणि त्यावर शेव असतेच. रांगतं बाळ जमिनीवर पडलेला शेवेचा तुकडा उचलून तोंडात टाकतं आणि टाका तिथेच उसवतो. तीन आठवडे त्या खोलीत शेव, चिवडा, बिस्किट काही नको. बोटं आणि खेळणी तोंडात जाऊ नयेत म्हणून कोपराला मऊ खपच्या बांधतात. दिवसातून काही वेळा त्या सोडून हात हलवू द्यावा आणि खालची कातडी पाहावी.

भोक राहिलं तर

सगळ्यांत जास्त वेळा ते मऊ आणि कडक टाळूच्या जोडावर पडतं. तिथेच कातडं सर्वांत कमी आणि ताण सर्वांत जास्त असतो. पिट्सबर्ग वर्गीकरणात भोकांचे सात प्रकार आहेत, त्यांतला हा तिसरा. लगेच पुन्हा शिवायला जाऊ नये. व्रण मऊ व्हायला निदान सहा महिने द्यावेत. पुढच्या मोठ्या भोकाला जिभेचा किंवा गालाचा पदर लागतो. कण अडकण्यापलीकडे त्रास न देणारं बारीक छिद्र पाहत राहिलं तरी चालतं.

बोलणं

टाळू शिवली म्हणजे अवजार मिळालं. ते वापरायला शिकवावं लागतं. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच स्पीच थेरपिस्टला भेटावं आणि तीन वर्षांच्या पुढे नीट तपासणी करावी. घरी करण्यासारखी चाचणी: थंड स्टीलचा चमचा नाकाखाली धरून ‘पप्पा’, ‘काकी’, ‘टोपी’ म्हणवून घ्या. या अक्षरांना चमच्यावर वाफ धरली तर हवा नाकातून निसटतेय. ‘मामा’, ‘नाना’ म्हणताना वाफ येणारच, तिला घाबरू नये.

इंदूरच्या मराठी मुलांची एक खास अडचण इथे आवर्जून सांगायला हवी. घरात मराठी, गल्लीत आणि शाळेत हिंदी, आणि थेरपिस्टचा तक्ता बहुधा हिंदी. हिंदीच्या तक्त्यात मराठीचा दंतमूलीय, म्हणजे दातांच्या मुळाशी जीभ टेकवून म्हटला जाणारा, ‘च’ आणि ‘ज’ सापडत नाही, ‘ळ’ही नाही. मूल ‘चम्मच’ नीट म्हणतं म्हणून पास होतं आणि घरी ‘चमचा’ गेंगाणा निघतो. ‘चार चाकं’ या दोन शब्दांत दोन्ही ‘च’ आहेत. ‘जाळं’, ‘झाड’, ‘बाळ’, ‘सासूबाई’ हे शब्द वहीत लिहून थेरपिस्टकडे घेऊन जावं आणि ते ऐकूनच मत द्या असं सांगावं.

चौथ्या-पाचव्या वर्षीही हवा नाकातून जात असेल तर नाकातून दुर्बीण घालून पडदा बोलताना कसा हलतो ते पाहतात. स्नायू पुढेच राहिलेला दिसला तर तो पुन्हा सोडवून मागे बांधतात. टाळू आखूड असेल तर फरलो, आणि फट मोठी असेल तर घशाच्या मागच्या भिंतीचा पदर. काही जनुकीय आजारांत मानेची मोठी धमनी घशाच्या भिंतीत मध्याकडे सरकलेली असते, म्हणून हा पदर घेण्याआधी ती तपासायची.

कान दर सहा महिन्यांनी दाखवावेत. हिरडीतही फट असेल तर ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान, सुळा उतरण्याआधी, कमरेच्या हाडातला गर तिथे भरतात. म्हणून सातव्या वर्षीच दातांचा एक्स-रे काढून सुळ्याचं मूळ किती तयार झालंय ते पाहून ठेवावं.